नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत अवघ्या एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्यात बारशाचा आनंद, तर दुसऱ्यात निंदेचा दंश. इतरांनी ठेवलेली नावे माणूस आधी ऐकतो, पुढे स्वतःच उच्चारू लागतो आणि अखेर त्या शब्दाच्या मापाएवढाच उरतो. हे व्यक्तीच्या बाबतीत जितके खरे, तितकेच समाजाच्या बाबतीतही खरे. याचे अत्यंत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीत आहे. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वृत्तपत्रांची नावे.

गावकुसाबाहेरच्या माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या कोणता शब्द बसला होता? कुणी भेटले, की ‘जोहार मायबाप’. समोरच्या प्रत्येकाला मायबाप म्हणणारा माणूस दिवसातून दहा वेळा स्वतःला पोरके ठरवीत असतो. हा संस्कार कोणत्याही कायद्याहून खोल जातो.

अशा काळात, 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी 2,500 रुपयांचे साहाय्य केले होते. शीर्षभागी तुकोबांचा अभंग होता. समाजाची अवस्था या नावाने झाकली नाही. आपण मुके आहोत, हे स्वच्छ सांगितले. परंतु ‘मी मुका आहे’ असे जो बोलून दाखवतो, तो त्याच क्षणी मुका राहत नाही!

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले आणि 3 एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक वाचकांच्या हाती पडला. वेदना याही नावात होती, पण तिची दिशा पालटली होती. मुकेपण हे स्वतःचे न्यून वाटते. बहिष्कार ही दुसऱ्या कुणाची तरी कृती असते. बहिष्कृत म्हटले, की ‘बहिष्कार कुणी घातला?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. शिवाय त्या शब्दाला ‘भारत’ जोडलेला होता. ज्याला तळ्यावरून हाकलले, तो साऱ्या राष्ट्रावर हक्क सांगत होता.

24 नोव्हेंबर 1930 रोजी ‘जनता’ सुरू झाले. या नावात जखमेचा मागमूसही नव्हता. आणि 4 फेब्रुवारी 1956 रोजी त्याच ‘जनता’चे नामांतर ‘प्रबुद्ध भारत’ असे झाले. विशेषण बदलले, पण ‘भारत’ कायम राहिला. पुढे आठ महिन्यांनी, 14 ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध! पहिली दोन नावे अवस्था सांगतात, तिसरे हक्काची जागा सांगते आणि चौथे गाठायचे ध्येय.

या प्रवासातील एक प्रसंग समाजात काम करणाऱ्या प्रत्येकाने मनात जपावा. सरकारी कागदांत रूढ असलेले ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हे नाव अवमानकारक आहे, अशी हरकत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी 1931 साली गोलमेज परिषदेपुढे लेखी नोंदवली होती. पुढे गांधीजींनी ‘हरिजन’ हा शब्द प्रचारात आणला. त्यामागे जिव्हाळा होता, यात शंका नाही. तरीही 1938 साली मुंबई विधानसभेत तो शब्द कायद्यात आणण्याचा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेब व त्यांचे सहकारी निषेध करून सभागृहाबाहेर पडले. कारण उघड आहे. सद्हेतूने दिलेले नावही वरून दिले, की ते दान होते. आणि दान घेणाऱ्याचा हात नेहमी खालीच राहतो. ज्यांची सेवा करायची, त्यांना नाव देण्याची घाई करू नये. ते स्वतःला काय म्हणवून घेऊ इच्छितात, हे आधी ऐकावे.

मात्र नुसती पाटी बदलल्याने दुकान बदलत नाही. प्रत्येक नावामागे काम उभे होते. 1925 साली सोलापुरात सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह, 1946 साली मुंबईत निघालेले सिद्धार्थ महाविद्यालय ही त्याची साक्ष. म्हणूनच ‘जोहार’ मावळला आणि ‘जय भीम’ उगवला. ज्या घरांत कचरू, दगडू अशी नावे असत, तेथे सिद्धार्थ, मिलिंद, राहुल आले. हजेरीच्या वेळी ‘सिद्धार्थ’ या हाकेला ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलाची मान आपोआप ताठ होते.

आता आपल्या घरात डोकावावे. पाहुण्यांसमोर ‘आमचा धाकटा पहिल्यापासून ढच’ असे आपण सहज बोलून जातो. आई हसत म्हणते, ‘मी आपली अडाणी.’ दाराआड मूल ते ऐकत असते. उणीव लपवू नये. ‘मूकनायका’नेही ती लपवली नाही. पण त्या नावात ‘मूक’ला लागूनच ‘नायक’ होता. घरातल्या शब्दांनाही तशी जोड असावी.

नावे ठेवणारे जगात पुष्कळ भेटतील. नाव ठेवण्याचा अधिकार मात्र ज्याचा त्याने बजावावा, आणि ठेवलेल्या नावाला जागावे.