काशिमाचा झिको, मडगावचा झिको

आपापल्या वृत्तपत्रांची क्रीडापानं आज दुसऱ्यांच्या गळ्यात घालून मडगावला आलेल्या मित्रांनो,

अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मानतो आणि लगेच फातोर्ड्याला जातो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला त्या मैदानावर भारत सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार आपल्याला बंद झालं. आठच दिवसांनी, २२ तारखेला, त्याच हिरवळीवर सौदी अरेबियाचा अल नस्र हा संघ एफसी गोवाशी खेळायला उतरला. रोनाल्डो येणार की नाही यावर आपण किती रकाने भरले ते आठवा. तो आला नाही. गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने अल नस्रसारख्या संघावर गोल केला, सामना २-१ असा गेला. पण त्या आठवड्याची कात्रणं मी या भाषणासाठी पुन्हा चाळली, तर त्यांत सगळ्यात मोठा फोटो न आलेल्या माणसाचा. सिंगापूरचं दुःख दोन दिवसांत आटोपलेलं.

असा न आलेला पाहुणा आपल्याला नवा नाही. ६ नोव्हेंबर २०२३ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सौदीचाच अल हिलाल मुंबई सिटीशी खेळला. नेमारचा गुडघा त्याआधीच ब्राझीलकडून खेळताना गेला होता. तरी नेरूळ स्टेशनबाहेर एक जण दोरीवर निळे शर्ट टांगून उभा होता, प्रत्येकाच्या पाठीवर दहा आणि नेमार. सामना सुटला तेव्हा दोरी जवळजवळ रिकामी होती. अल हिलालने त्या माणसासाठी सुमारे ९ कोटी युरो मोजले होते. दीड वर्षात तो त्यांच्याकडून सात सामने खेळला आणि करार मोडून गेला.

आज मला बोलायचंय ते या पैशाविषयी. आशियातले क्लब परदेशी खेळाडूंवर जो पैसा ओततात, त्यातून त्यांच्या हाती काय उरतं? ‘परदेशी नकोत’ असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघातून खेळणाऱ्या नायजेरियन पोराच्या नावाने अख्खी पेठ घसा फोडते, तेव्हा मीही ओरडलोय. माजिद बिश्कर आणि जमशिद नासिरी हे इराणी अलिगढला शिकायला आले आणि १९८० साली ईस्ट बंगालच्या जर्सीत दिसले. त्या माजिदबद्दल कोलकात्यातली माणसं अजूनही हळवं होऊन बोलतात. बाहेरचा माणूस आल्यानं खेळ बाटत नाही. तो येऊन काय करतो आणि त्याला किती काळ राहू देतात, यावर सगळं आहे. आणि याची साक्ष एकाच माणसाच्या चरित्रात मिळते, जो जपानमध्येही राबला आणि इथं मडगावातही. झिको.

१९९१ साली झिको जपानला गेला तेव्हा अडतीस वर्षांचा होता. खेळून झालं होतं, ब्राझील सरकारात क्रीडा खात्याची जबाबदारीही सांभाळून झाली होती. गेला तो टोकियोच्या झगमगाटात नव्हे, काशिमा नावाच्या पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीत, एका पोलाद कंपनीच्या कामगारसंघात. तोही दुसऱ्या श्रेणीतला. नवी व्यावसायिक लीग उभी राहत होती आणि तिचे सूत्रधार साबुरो कावाबुची यांनी काशिमाला तोंडावर सांगितलं होतं की तुम्हाला प्रवेश मिळणार नाही याची शक्यता ९९.९९९९ टक्के आहे. छप्पर असलेलं पंधरा हजार आसनांचं, फक्त फुटबॉलसाठीचं मैदान बांधलंत तर बघू. काशिमाने बांधलं. मला या गोष्टीत हा क्रम फार आवडतो. मैदान आणि माणूस एकदमच आले. एकाच्या खर्चासाठी दुसऱ्याला कात्री लागली नाही.

झिकोने १६ मे १९९३ ला, पहिल्याच सामन्यात, गॅरी लिनेकरच्या नागोयाविरुद्ध तीन गोल ठोकले. पण काशिमात त्याचा पुतळा उभा आहे तो काही त्या तीन गोलांसाठी नाही. सामन्यानंतर काय खायचं, सरावाला कसं यायचं, बूट कसे राखायचे, हरल्यावर राग कसा यायला हवा, हे त्याने कारखान्यातून सुटून आलेल्या पोरांना बाबापुता करून आणि प्रसंगी झापून शिकवलं. तो खेळायचा थांबला तरी क्लबशी नातं तुटलं नाही. वेगवेगळ्या कामांसाठी तो परत परत तिथं जात राहिला.

जपान्यांनाही ठेच लागली नाही असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत तिथंही नावांचा बाजार भरला होता. लिनेकर आला आणि दुखापतींतच गेला. १९९८ मध्ये एका प्रायोजकाने हात वर केले आणि योकोहामा फ्लुगेल्स हा संघ शेजारच्या मारिनोसमध्ये विलीन झाला. त्या खेळाडूंनी १ जानेवारी १९९९ ला सम्राट चषक जिंकला आणि तिथंच संघ संपला. चषक हातात, उद्यापासून संघ नाही. पण त्या ठेचेतून जपान शहाणा झाला. २०१३ पासून तिथं परवाना पद्धत आहे: सलग तीन वर्षं तोटा दाखवलात तर परवाना धोक्यात येतो. प्रत्येक क्लबचा जमाखर्च दरवर्षी जाहीर होतो. त्यामुळे फर्नांडो टोरेसला आणणाऱ्या सागान तोसूचा तोटा तिथला कुठलाही वाचक आकड्यांनिशी सांगू शकतो. २०१८ मध्ये इनिएस्टा विसेल कोबेत आला, पाच वर्षं राहिला, जुलै २०२३ मध्ये गेला. आणि कोबेने पहिली लीग जिंकली ती त्याच वर्षअखेर, तो गेल्यावर. पुढच्या वर्षी पुन्हा. याचं श्रेय इनिएस्टाला द्यायचं की त्याच्या जाण्याला, यावर जपानी मंडळी खुशाल भांडोत.

चीनची गोष्ट मात्र आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला चटकन कळेल, कारण ती टँकरची गोष्ट आहे. एव्हरग्रांद ही घरं बांधणारी कंपनी. तिने २०१० साली ग्वांगझूचा क्लब घेतला, तोही सामनेनिश्चितीच्या प्रकरणात खालच्या श्रेणीत ढकललेला. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाचा दारिओ कोंका आणला, मग प्रशिक्षक म्हणून विश्वविजेता लिप्पी, मग स्कोलारी. २०११ ते २०१७ सलग सात वेळा लीग, २०१३ आणि २०१५ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीग. शेजाऱ्याकडे टँकर आला म्हटल्यावर प्रत्येक गल्लीला टँकर हवा झाला. बिल्डर, दुकानसाखळ्या, औषधी काढे विकणारे, सगळे रांगेत. शांघायने हल्कसाठी साडेपाच कोटी युरोंच्या वर मोजले, मग ऑस्करसाठी त्याहून जास्त. कार्लोस तेवेज २०१७ मध्ये शांघायला वर्षभर राहिला आणि परतल्यावर म्हणाला की मी सात महिने सुट्टीवर होतो. निदान खरं बोलला.

हे मालक फुटबॉलचे वेडे होते असं मला वाटत नाही. वरून फुटबॉल वाढवा अशी इच्छा आली होती आणि जमिनीचे व्यवहार ज्यांच्या हातात, त्यांच्या नजरेत राहायला क्लब हे सोयीचं साधन होतं. त्यामुळे तिकिटविक्रीतून, प्रक्षेपणातून येणाऱ्या पैशाचा आणि पगाराचा काही मेळच नव्हता. घरांचा धंदा बसला तसे नळ बंद झाले. ज्यांग्सू सुनिंगने नोव्हेंबर २०२० मध्ये लीग जिंकली आणि साडेतीन महिन्यांत कुलूप लावलं. ग्वांगझूत एक लाख प्रेक्षकांसाठी कमळाच्या आकाराचं स्टेडियम बांधायला घेतलं होतं. ते कमळ कधी फुललं नाही. जानेवारी २०२५ मध्ये देणी थकल्यामुळे परवाना मिळेना आणि आठ वेळचा विजेता क्लबच विसर्जित झाला. आणि राष्ट्रीय संघ? १ फेब्रुवारी २०२२ ला, चिनी नववर्षाच्या दिवशी, चीन व्हिएतनामकडून ३-१ हरला. २०२६ च्या विश्वचषकात अठ्ठेचाळीस देशांना जागा, तरी चीनला नाही.

आता मडगावकडे येतो. यजमानांना थोडं टोचेल, पण जेवण झाल्यावर बोललो असतो तर जास्त टोचलं असतं.

१९९८-९९ ते २०१२-१३ या काळात साळगावकर, धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या तीन क्लबांनी देशाची लीग नऊ वेळा जिंकली. त्यांच्याकडेही परदेशी होते. रँटी मार्टिन्स धेंपोत इतके हंगाम राहिला की त्याला परदेशी म्हणताना जीभ अडखळायची. पैसा बराचसा खाणींचा होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि त्याला ओहोटी लागली. दोन वर्षांनी इंडियन सुपर लीग आली. दहा आठवड्यांचा हंगाम, मैदानात अकरांपैकी सहा परदेशी चालतील असा नियम, आणि चाळिशीच्या आसपासची थोर नावं: गोव्यात पिरेस, दिल्लीत देल पिएरो, पुण्यात त्रेझेगे. एफसी गोवाचा प्रशिक्षक झिको.

तोच झिको. तीच शिस्त, तोच राग. पहिल्या वर्षी संघ उपांत्य फेरीत, दुसऱ्या वर्षी फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात, तिसऱ्या वर्षी तळाला. पण दहा आठवड्यांत प्रशिक्षकाने शिकवायचं काय? पोरांची नावं पाठ होईपर्यंत डिसेंबर उजाडायचा आणि झिको विमानात बसायचा. २०१६ च्या त्याच डिसेंबरात काशिमा जागतिक क्लब चषकाच्या अंतिम सामन्यात रेयाल माद्रिदशी खेळला आणि जादा वेळेपर्यंत झुंजून ४-२ असा हरला. काशिमाचे दोन्ही गोल गाकू शिबासाकीचे. शाळा संपवून थेट क्लबात आलेला पोरगा. त्याच २०१६ मध्ये इकडे साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब आणि धेंपो यांनी नव्या रचनेला कंटाळून आय-लीग, म्हणजे देशाची ती जुनी लीग, सोडली. माणूस एकच होता. एका ठिकाणी त्याला विहीर खणायला लावलं, दुसऱ्या ठिकाणी टँकरवर बसवलं.

पुढे हंगाम लांबला, परदेशींची संख्या सहावरून पाच, मग चारवर आली. आपल्याकडे वाद नेहमी याच आकड्यावर होतो. माझ्या मते आकड्यापेक्षा जागा बघायला हवी. परदेशी घेतात ते मुख्यतः गोल करायला, गोलची संधी घडवायला आणि बचावाच्या मधोमध उभं राहायला. आपल्या पोरांच्या वाट्याला बहुतेक कडेच्या जागा. २०२४-२५ चा हंगाम बघा. सर्वाधिक २३ गोल मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजराईचे. भारतीयांत पहिला कोण? १४ गोल करणारा सुनील छेत्री, वय चाळीस. निवृत्त झालेल्या त्या माणसाला मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात परत बोलवावं लागलं.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला हरवलं तेव्हा मैदानात उतरलेले अकराही जण सौदी लीगमध्ये खेळणारे होते. त्यानंतर सरकारी गुंतवणूक निधीने चार मोठे क्लब ताब्यात घेतले आणि २०२४-२५ पासून एका संघात दहा परदेशींना परवानगी दिली. त्यांच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक मान्चिनी जाहीरपणे कुरकुरले की माझी पोरं क्लबात बाकावर बसून असतात. काही आठवड्यांत मान्चिनीच गेले. दुसरी बाजूही सांगतो: याच पैशाच्या जोरावर अल हिलालने २०२५ मध्ये मँचेस्टर सिटीला ४-३ असं हरवलं आणि मी घरात एकटा टाळ्या वाजवत होतो. सौदीचा टँकर तेलावर चालतो, तो चीनसारखा अर्ध्या वाटेत बंद पडणार नाही. पण मान्चिनीच्या तक्रारीचं उत्तर त्या विजयात नाही.

आता आपल्याविषयी. कोण आलं, कुठल्या हॉटेलात उतरलं, हे आपण लिहितो. क्लबचा ताळेबंद मागायला आपल्यातला कोणी किती वेळा गेला? जपानी वार्ताहराला जो कागद घरबसल्या मिळतो, तो आपल्याला मागूनही मिळत नाही, हे खरं. पण मागितल्याची तरी बातमी व्हायला हवी होती. जुलै २०२५ मध्ये आपली लीग महासंघाचा व्यावसायिक करार संपत आल्यामुळे अडून बसली, तेव्हा आपण सगळे अचानक करारतज्ज्ञ झालो. तो करार पंधरा वर्षांचा होता. म्हणजे तो कधी संपणार हे आपल्याला पंधरा वर्षं ठाऊक होतं.

मीही यातलाच. पुण्यात दहा-बारा वर्षांत पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी असे चार संघ आले आणि गेले. प्रत्येक आगमनावर मी लिहिलं, त्रेझेगेवर तर अर्धं पान. जाण्यावर चार ओळी. शेवटचा संघ गेल्यावर एकदा बालेवाडीला गेलो होतो. खेळाडूंच्या खोल्यांच्या किल्ल्या सांभाळणारे एक काका दाराची पाटी खरवडत बसले होते. खालून आधीच्या पाटीचा रंग निघत होता, त्याखाली आणखी एक. मी विचारलं, आता कुठला संघ येतोय? ते म्हणाले, “ते काय ठाऊक नाही बुवा. पण या वेळी पाटी खिळ्यांनी नाही ठोकायची, तारेनं बांधायची. काढायला बरी पडते.”