एकसष्टाचें कोडें

केवळ मोठी असणें ही कांहीं संख्येची थोरवी नव्हे. शून्यें मांडीत बसलें कीं कोणालाही मोठी संख्या निर्माण करतां येते. १७६ कोटी ६३ लक्ष १९ हजार ४९ ह्या संख्येची गोष्ट मात्र निराळी. एका प्रश्नाचीं जीं अनंत उत्तरें आहेत, त्यांत ही सर्वांत लहान आहे!

तो प्रश्न भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या बीजगणितांत घातला. शून्याखेरीज असा एक पूर्णांक शोधावयाचा कीं, त्याच्या वर्गास ६१ नें गुणून १ मिळविला असतां पुन्हां वर्गसंख्याच यावी. श्रोत्यांनीं ६१ च्या जागीं ६० घेऊन पाहावें. ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवून ९६१. हा ३१ चा वर्ग झाला. ६२ घेतल्यास ८ नें काम भागतें. ह्या दोन गरीब शेजाऱ्यांमध्यें बसलेला ६१ मात्र २२ कोटी ६१ लक्ष ५३ हजार ९८० येईपर्यंत दाद देत नाहीं. आणि तेव्हां जें वर्गमूळ हातीं लागतें, तेंच हें १७६ कोटींचें. सेकंदास एक संख्या पडताळीत कोणी अहोरात्र बसला, तरी त्याचीं सात वर्षें सहज जातील.

आचार्य असे बसले नाहींत. त्यांनीं 'चक्रवाल' रीत योजिली. ही त्यांच्या पूर्वीं जयदेव नामक गणितज्ञानेंही सांगितलेली होती. जवळचें उत्तर घ्यावें, चूक किती तें पाहावें आणि त्या चुकीलाच कामास लावावें, हें तिचें मर्म. ८ चा वर्ग ६१ हून ३ नें अधिक. चक्राच्या पुढल्या फेऱ्यांत ३९ चा वर्ग ५ च्या वर्गाच्या एकसष्टपटीहून ४ नें उणा. येथें दोन उत्तरांच्या संयोगानें तिसरें घडविणारी ब्रह्मगुप्ताची 'भावना' उपयोगी पडते. तिच्या योगें २९,७१८ व ३,८०५ ही जोडी मिळते: पहिल्याचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गाच्या एकसष्टपटीहून नेमका १ नें उणा. मग दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे तो बावीस कोटींचा पूर्णांक, आणि पहिल्याच्या वर्गाच्या दुपटींत १ मिळविला कीं आपली संख्या. पेन्सिल असेल त्यानें पडताळून पाहावें.

ही रीत दर वेळीं तडीस जातेच, ह्याची सिद्धता मात्र आचार्यांच्या ग्रंथांत नाहीं. उत्तर नेहमीं असतेंच, हें अठराव्या शतकांत लाग्रांजनें सिद्ध केलें. ह्या समीकरणास पेल ह्या इंग्रज गणितज्ञाचें नांव ऑयलरच्या गैरसमजामुळें चिकटलें, तें अद्याप सुटलेलें नाहीं.

इ. स. १६५७ मध्यें फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञानें आपल्या फ्रेनिकल नामक मित्रास हाच प्रश्न घातला. फार श्रम पडूं नयेत म्हणून लहान संख्या देतों, असें म्हणून त्यानें उदाहरणादाखल ६१ आणि १०९ सुचविल्या. ६१ च्या पुढें १०८ पर्यंतची एकही संख्या इतकें मोठें उत्तर मागत नाहीं; १०९ मागते, आणि तें पंधरा आंकडी असतें.