जबानी घेणाऱ्याचे शिक्षण



मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांना नेतृत्वाचे शिक्षण कसे द्यावे, या एकाच प्रश्नाच्या विचारासाठी भरलेल्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण माझ्याकडे दिलेत त्याबद्दल आभार मानून, आणि अध्यक्षाने आपल्या अपात्रतेचा जो पाढा रिवाजाप्रमाणे वाचायचा असतो तो वाचून झाला असे समजावे अशी विनंती करून, मी थेट विषयाकडे वळतो. कारण हैदराबादेत या विषयावर बोलायचे तर काही जुनी दप्तरे सोडल्यावाचून गत्यंतर नाही.

ज्या शहरात आपण आज निर्धास्तपणे बसलो आहोत, त्या शहरात नुसती सभा भरवणे हाही एके काळी सरकारच्या मर्जीचा प्रश्न होता. गश्ती निशान ५३ या नावाने जो हुकूम निजामी अमलात कुप्रसिद्ध झाला, त्याच्या अन्वये आगाऊ परवानगीवाचून राजकीय सभा घेता येत नसे, आणि परवानगीची दरखास्त करायची ती बहुधा ज्यांच्याविषयी तक्रार मांडायची त्याच अमलदारांपुढे. त्यामुळे हैदराबाद संस्थानच्या प्रजेच्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरल्या: १९२३ साली काकिनाड्यास, १९२६ साली मुंबईस, १९२८ साली पुण्यास आणि १९३१ साली अकोल्यास; घरातले गाऱ्हाणे शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून मांडावे, तसा हा प्रकार होता. संस्थानाच्या हद्दीत, परतूर येथे, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरायला १९३७ साल उजाडावे लागले. आणि पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याच्या आधीच जी बंदी आली, ती १९४६ पर्यंत उठली नाही.

व्याख्यान नाही, संघटना नाही, वर्तमानपत्रावर नजर, अशा मुलुखात पुढारी घडले तरी कोठे? ते शाळांत घडले, वकिलांच्या बैठकीत घडले आणि सरतेशेवटी तुरुंगात घडले. केशवराव कोरटकर हे गुलबर्ग्याचे वकील, पुढे येथील हायकोर्टाचे न्यायाधीश. त्यांनी आणि वामनराव नाईक प्रभृतींनी ज्या विवेकवर्धिनीच्या उभारणीसाठी आपली प्रतिष्ठा वेचली, ती १९०७ सालची शाळा आज जांबागेत उभी आहे आणि या सभागृहातील कित्येकांची ती मातृसंस्था आहे. स्वामी रामानंद तीर्थ राजकारणात उतरण्यापूर्वी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगारांच्या चळवळीत वावरले, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि त्यानंतर अंबाजोगाईस शिक्षक राहिले. १९३८ च्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले तेव्हा शिकवण्याचा आणि ऐकून घेण्याचा वर्षानुवर्षांचा सराव त्यांच्या गाठीशी होता. न्यायालयांचे कामकाज उर्दूत चालत असल्यामुळे मराठी, तेलुगू किंवा कानडी पक्षकाराची कैफियत आधी त्याच्या बोलीत समजून घेऊन मग दरबारी उर्दूत अचूक उतरवणे, तारखेला हजर राहणे, नकला मिळवणे, मिसल सांभाळणे, हा त्या पिढीतील वकिलांचा नित्याचा व्यवसाय होता. माझ्या मते याच रुक्ष व्यवसायाने त्यांच्यापैकी पुष्कळांना पुढारी केले, वक्तृत्वाने नव्हे. वक्तृत्वाची संधी त्यांना मुळी कोणी देतच नव्हते.

इथवरची कथा आपण दर सप्टेंबरच्या १७ तारखेला, मुक्तिदिनी, अभिमानाने सांगतो, आणि ती सांगायलाच हवी. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांनी जे केले ते ज्यांच्या घरांवर गुदरले त्यांच्या नातवंडांना ते मी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु हक्कांच्या कार्यकर्त्याचे खरे शिक्षण ज्या मिसलीपाशी सुरू होते, ती आपण सहसा उघडत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी संस्थान ताब्यात घेतले, त्या पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि लगतच्या जिल्ह्यांत मुसलमान रयतेवर जे भयंकर अत्याचार झाले, त्यांच्या वार्ता दिल्लीस पोचल्यावर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांचे मंडळ सरकारने इकडे पाठवले. काझीसाहेब याच शहरातून ‘पयाम’ हे उर्दू पत्र चालवीत असत. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये हे मंडळ संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत हिंडले. गावांना भेटी दिल्याच, पण जेथे पोचता आले नाही अशा शंभरावर गावांच्या लोकांनाही त्यांनी गाठून त्यांचे म्हणणे ऐकले. सर्वांत अधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाल्याचे त्यांनी नमूद केले, आणि एकंदर प्राणहानीचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांच्या दरम्यानचा होता. ज्या हिंदूंनी जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवले त्यांचीही नोंद त्यांनी ठेवली. हा अहवाल नंतर कित्येक दशके दप्तरबंद राहिला.

योगायोग असा की हे मंडळ आपल्या खेड्यांतून फिरत असतानाच, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. आणि त्याच पॅरिसमध्ये सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादचे प्रकरण निघाले होते. जाहीरनाम्याची कलमे आपल्या शिबिरांत तोंडपाठ करून घेतली जातात. सुंदरलाल मंडळाने काम कसे केले, कोणास विचारले, आकडा सांगताना किती हात राखून सांगितला, हे मात्र मराठवाड्यातल्या कोणत्याही शिबिरात शिकवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपला पक्ष विजयी झाला असता, लोक आनंदात असता, त्याच पक्षाकडून झालेल्या अन्यायाची जबानी शांतपणे लिहून घेणे, हे ज्याला साधले त्याला मी या क्षेत्रातला पुढारी म्हणेन. बाकीचे गुण, सभाधीटपणा, संघटनचातुर्य, देणग्या मिळवण्याची हातोटी, हे कोणत्याही सहकारी साखर कारखान्याच्या संचालकापाशी असतातच.

याच शहराने ही कसोटी आणखी एकदा पाहिली. आणीबाणीतल्या चकमकींत पोलिसांनी मारलेल्या तरुणांविषयी १९७७ साली जी नागरिकांची समिती चौकशीस बसली, तिचे अध्यक्ष विठ्ठल महादेव तारकुंडे हे मूळचे सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. आणि हैदराबादचे वकील कन्नबिरन हे तिच्यात होते. मेदक जिल्ह्यातील गिराईपल्लीच्या जंगलात नेमके काय घडले, हे गावोगावच्या साक्षींतून जोडत जाण्याचे काम या समितीने केले. पुढे वरंगळच्या काकतीय विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या बालगोपाल यांनी तीच वाट आणखी पुढे नेली. पोलिसांना जाब विचारणाऱ्याने नक्षलवाद्यांच्या हिंसेकडे डोळेझाक करू नये, या भूमिकेपायी जुन्या सहकाऱ्यांशी त्यांचे मतभेद विकोपास गेले आणि १९९८ साली मानवी हक्कांसाठी निराळे व्यासपीठ उभे राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने हक्करक्षकांविषयीचा जाहीरनामा काढला. हक्करक्षकाचे रक्षण कसे व्हावे ते त्यात आहे. त्याने स्वतःच्या गोटाला कसे तोंड द्यावे, ते मात्र बालगोपालांच्या आयुष्यातून शिकावे लागते.

आता आपल्या शिक्षणाची पद्धत पाहा. तीन दिवसांचे शिबिर, उद्घाटन, गटचर्चा, प्रमाणपत्र आणि सामूहिक छायाचित्र. याऐवजी शिकाऊ कार्यकर्त्याला एका माणसाची जबानी घ्यायला बसवावे असे मला वाटते. पोलीस पाटील खोलीत आहे का, नवऱ्याच्या देखत बाई बोलते आहे का, हे त्याने प्रथम पाहावे. तारीख विचारली तर खेड्यातली बाई सांगणार, ‘मूग काढायला आला होता, पोळा व्हायचा होता’. तेव्हा वहीत तिचेच शब्द उतरवावेत, आणि श्रावण वद्यातली कोणती तारीख पडते त्याचा हिशेब समासात, आपला म्हणून, वेगळा करावा. ‘मारहाण केली’ असे साहेबी मराठीत लिहू नये. काठी की पट्टा, कोठे लागला, कोणी पाहिले, तेवढेच लिहावे. तिला जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणूनच लिहावे. मग सगळे तिला वाचून दाखवावे, ती जेथे ‘तसं न्हाई’ म्हणेल तेथे खाडाखोड न करता दुरुस्ती लिहून तिची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि अर्ज कचेरीत दिल्यावर पोच घेतल्याखेरीज पायरी उतरू नये. हे एका दिवसात सांगून होते, पण अंगवळणी पडायला वर्ष लागते.

पूर्ण वेळेच्या अशा शिक्षणाची कल्पना नवी नाही. डॉ. आंबेडकरांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईस राजकारणात पडू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय काढले. पहिल्या तुकडीत अवघे १५ विद्यार्थी होते, आणि डिसेंबरात बाबासाहेब गेल्यावर ते फार दिवस टिकले नाही. ज्यांना उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली सन्माननीय पदवी दिली, त्यांची ही अपुरी राहिलेली शाळा या शहरातून पुन्हा सुरू करता येईल का, याचा विचार व्हावा.

माझी सूचना अशी आहे की, शिबिरांवरचा खर्च निम्मा करून, मराठवाडा आणि तेलंगणाच्या सीमेवरील देगलूर, बिलोली, किनवट अशा तालुक्यांतून थोडे तरुण निवडावेत. त्यांना तालुक्याच्या न्यायालयात एखाद्या वकिलापाशी वर्षभर बसवावे. मराठीबरोबर तेलुगू आणि कामापुरती उर्दू लिपी शिकवावी. आणि त्यांच्या वह्या वर्षअखेरीस अशा माणसाने तपासाव्यात, की ज्याची सहानुभूती त्या तक्रारदारांकडे मुळीच नाही. त्यांना मानधन दिले पाहिजे, कारण घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेला मुलगा फुकट काम करीत राहत नाही आणि राहिला तर कोणाचा तरी मिंधा होतो. हे मानधन कोठून यावे यावर कार्यकारिणीत दोन तट आहेत, हे मला ठाऊक आहे. सरकारकडून घ्यावे असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही, आणि परदेशी देणगीवर सर्वस्वी विसंबणाऱ्यांशीही नाही. वकील, प्राध्यापक आणि व्यापारी यांनी दरमहा ठरीव वर्गणी द्यावी, या मताचा मी आहे. दुपारच्या बैठकीत खजिनदार हिशेब मांडतील तेव्हा प्रतिनिधींनी या प्रश्नावर मोकळेपणी बोलावे, आणि वर्गणीचा आकडा ज्यांना जाचक वाटेल त्यांनी दुरुस्ती लेखी द्यावी.