प्रकाश पकडणारे जीवाणू
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हिरवे पान सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते, हे आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. पण प्रकाश नेमका पकडला कसा जातो, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण गप्प बसतील. या प्रश्नाचा पहिला बारीक उलगडा पानातून झाला नाही. तो झाला चिखल-पाण्यात वाढणाऱ्या 'जांभळ्या' जीवाणूंमधून. हे जीवाणू प्राणवायू सोडत नाहीत, परंतु प्रकाश पकडण्याची त्यांची व्यवस्था पानाच्या नात्यातली असून अधिक साधी आहे.

हे काम जीवाणूच्या पातळ पापुद्र्यात रुतलेली प्रथिने करतात. त्यांची रचना पाहावयाची तर त्यांचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडावे लागतात. मिठाचे, खडीसाखरेचे स्फटिक सहज होतात. ही प्रथिने मात्र स्निग्ध थरात राहणारी. त्यांचे स्फटिक होणे जवळजवळ अशक्य, असेच मानले जाई.

जर्मनीतील हार्टमुट मिशेल या तरुण संशोधकाने ते मानले नाही. प्रथम त्यांनी एक वेगळे प्रथिन घेतले. स्फटिक मिळाले, पण रचना उलगडण्याइतके चांगले नव्हते. त्यांनी ध्येय सोडले नाही, प्रथिन बदलले. साबणासारख्या द्रव्यांनी प्रथिन पापुद्र्यातून अलगद सोडवून त्यांनी रोडोस्यूडोमोनास व्हिरिडिस या जीवाणूच्या 'प्रतिक्रिया केंद्रा'चे स्फटिक तयार केले आणि १९८२ साली ते प्रसिद्ध केले. म्युनिकजवळ मार्टिन्सरीड येथील मॅक्स प्लांक संस्थेत योहान डायझेनहोफर व रॉबर्ट ह्यूबर यांच्या साथीने १९८५ पर्यंत त्याची रचना उलगडली. १९८८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

त्यांना काय दिसले? केंद्रात हरितद्रव्याच्या दोन रेणूंची एक खास जोडी आहे. प्रकाशाची शक्ती पोहोचताच ती एक इलेक्ट्रॉन सोडते. आग विझवताना माणसे रांगेने उभी राहून बादल्या हातोहात देतात ना, तसे जवळजवळ बसवलेले रेणू तो इलेक्ट्रॉन पुढे देतात. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर पहिल्या टप्प्याला असे सुमारे तीनच भाग लागतात! इलेक्ट्रॉन मागे फिरण्याआधीच पुढचा रेणू तो उचलतो. म्हणून पकडलेला प्रकाश सहसा वाया जात नाही.

पण केंद्रापर्यंत प्रकाश आणतो कोण? १९९५ साली ग्लासगो येथील रिचर्ड कॉगडेल, नील आयझॅक्स व सहकाऱ्यांनी तेही दाखविले. केंद्राभोवती प्रथिनांची कडी असतात. त्यांनी पाहिलेल्या कड्यात नऊ सारखे भाग व हरितद्रव्याचे २७ रेणू होते. ही कडी प्रकाश गोळा करून त्याची शक्ती आत पोहोचवतात.

पालकांनो, मुलगी असो वा मुलगा, "याचा परीक्षेत काय उपयोग?" म्हणून त्यांचा प्रश्न मोडून टाकू नका. एका वर्षी मार्क कमी पडले म्हणून त्यांचे विज्ञान सोडवू नका. मार्ग बदलून पाहू द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, पाठ केलेल्या प्रत्येक वाक्याला एकदा तरी "कसे?" असे विचारा. सर्वांना ठाऊक असलेल्या त्या एका वाक्यात एवढे काम दडलेले होते.