पोलादावरची अक्षरे



थ्री-नॉट-थ्री म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पोलीस ठाण्याच्या पहाऱ्यावर आपण ती पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. तिचे कुळाचे नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली या संशोधकाने बोल्टची रचना केली आणि लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने तिला पुढचे रूप दिले. आपल्या फौजेसाठी आणि पोलिसांसाठी ती बनली पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात.

आपल्या कायद्यानुसार .३०३ ही बंदी असलेली बोअर आहे, सामान्य नागरिकाला ती बाळगता येत नाही. पण फौजांनी मोडीत काढून विकलेल्या हजारो रायफली अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात संग्राहकांच्या घरी पोचल्या आहेत आणि त्यांत इशापूरच्याही खूप आहेत. तिथे विकत घेणाऱ्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : ही कुठली, आणि हिचे किती द्यायचे? दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात असते.

विकणारा बहुधा एक गोष्ट सांगतो. ही पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या खंदकात होती, ही अमुक सुभेदाराने वापरली. गोष्ट जरूर ऐकावी, पण पैसे मोजावेत ते लोखंडावर जे कोरलेले आहे त्याचे. ली-एनफिल्डच्या बाबतीत हे शक्य आहे, कारण इतकी अक्षरे अंगावर वागवणारे दुसरे हत्यार क्वचितच सापडेल.

दस्ता जिथे लोखंडाला मिळतो, तिथे उजव्या बाजूला मुख्य छाप असतो. वर राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखाना, साल आणि नमुना. राणी व्हिक्टोरियाची अक्षरे व्ही. आर., सातव्या एडवर्डची ई. आर., पुढच्या जॉर्ज राजांची जी. आर. हिंदुस्थानात बनलेल्या रायफलीवर मात्र जी. आर. आय. असे असते. यातला 'आय' म्हणजे सम्राट, कारण इथे तो नुसता राजा नव्हता. देश प्रजासत्ताक झाल्यावर त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एका कारखान्यात, एकाच जातीच्या रायफलीवर आपले सत्तांतर असे कोरले गेले आहे. मला या वस्तूची खरी ओढ वाटते ती यासाठी.

नकलाही इथेच पकडल्या जातात. पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदम खेल नावाचे गाव आहे. तिथले कारागीर पिढ्यान्पिढ्या हातोडी आणि कानस घेऊन इंग्रजी रायफलींच्या नकला करत आले. त्यांचे हात विलक्षण कसबी, पण इंग्रजी अक्षर त्यांच्यातल्या अनेकांना केवळ चित्र म्हणूनच ठाऊक. त्यामुळे एनफिल्डमधला 'एन' उलटा पडतो, मुकुट वाकडा येतो. सगळ्यात मोठी चूक सालाची. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. व्ही. आर. या अक्षरांखाली १९०५ साल असेल, तर ती रायफल एनफिल्डची नाही, हे डोळे मिटून सांगावे. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या पाश्चात्त्य सैनिकांनी अशा कितीतरी बंदुका अस्सल समजून घरी नेल्या. त्या भिंतीवर शोभतात, कारागिराचे कसब म्हणून त्यांना मोलही आहे. मात्र कुठल्या पोलादाच्या, कुठल्या जोडाच्या, हे कुणालाच माहीत नसल्यामुळे त्यांत काडतूस घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

छापानंतर नंबर. तो मुख्य सांगाड्यावर असतो, नळीवर असतो, बोल्टच्या मुठीमागे असतो, पुढच्या टोपणावरही असतो. सगळीकडे एकच नंबर असेल तर किंमत चढते. बोल्ट वेगळ्या नंबराचा निघाला तर ती उतरते, आणि चालवण्याआधी जाणकार आर्मररकडून, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडून, तपासणी करून घ्यावीच लागते. फौजेने दुरुस्तीत जुना नंबर रेघ मारून रद्द केलेला आणि शेजारी नवा ठोकलेला असेल, तर तो दोष मानू नये. ती प्रामाणिक नोंद आहे. व्यापाऱ्याने मागाहून जुळवलेला नंबर वेगळा दिसतो : आकड्याच्या खाचेत कोरे लोखंड चमकते आणि भोवतालचा जुना काळा रंग फाटलेला असतो. भिंग घेऊन बसले की हे कळते.

छापांच्या गर्दीत फसवणाऱ्या जागाही आहेत. 'इंग्लंड' असा शिक्का पाहून ती तिथे बनली असे समजू नये. तो अनेकदा विक्रीसाठी बाहेर पाठवताना मारलेला असतो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर आयात करणाऱ्याचे नाव आणि गाव रायफलीवर कोरले जाऊ लागले. ते नसेल तर रायफल बहुधा आधी आलेली, म्हणून संग्राहक अशा नगाला जास्त देतात. डी. पी. ही अक्षरे आपल्या एनसीसीच्या मुलामुलींना पाठ आहेत : ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. बाजारात अशी रायफल कितीही गुळगुळीत करून ठेवलेली असो, तिच्यातून गोळी झाडायची नाही.

आता नळी. जुन्या काडतुसांच्या टोपीत असे क्षार असत की बार काढल्यावर ते नळीत उरत आणि हवेतला ओलावा ओढून घेत. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, तळावर के. एफ. लिहिलेली जुनी काडतुसेही याच जातीची. म्हणून शिपाई नळीत उकळते पाणी ओतत, मग चिंधी फिरवत, मग तेल देत. ज्याने आळस केला त्याच्या नळीत आज खड्डे दिसतात. अति काळजीही खुणा ठेवते. नळी साफ करण्याची पुल-थ्रूची दोरी वर्षानुवर्षे एकाच बाजूने ओढली गेली की नळीचे तोंड त्या बाजूला झिजते आणि नेम बिघडतो. नळी प्रकाशाकडे धरावी, आतले आटे धारदार आहेत का आणि तोंड गोल आहे का, ते पाहावे.

लाकूडही बोलते. इशापूरच्या रायफलीत मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू असतो. लाकूड फाटू नये म्हणून तो घातलेला आहे. संग्राहक त्याला इशापूर स्क्रूच म्हणतात. पुढच्या भागाला तारेचे वेढे दिसले तर समजावे, तिच्यावरून हातबॉम्ब फेकले जात. दस्त्याच्या उजव्या अंगाला कधी पितळी चकती असते आणि तिच्यावर पलटणीची अक्षरे. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढल्या, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री कुटच्या वेढ्यात उपाशी राहिली. अशा पलटणीची चकती मूळ जागी सापडली तर मोल पैशांत सांगता येणार नाही. पण चकती काढून दुसरीकडे बसवता येते, म्हणून तिच्या कडेचे लाकूड आणि मळ आधी पाहावा.

इशापूरच्याच एका रायफलीवर परदेशात सतत अन्याय होतो. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या काळात या कारखान्याने ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी २ए आणि २ए१ हे नमुने काढले. मॅगझिन चौकोनी, पोलाद जास्त मजबूत. 'जुन्या थ्री-नॉट-थ्रीला नवी नळी लावली' असे विक्रेते बेधडक सांगतात. ते खोटे आहे. त्या नव्याने घडवलेल्या रायफली आहेत आणि त्यांवरचे साल तसे स्पष्ट सांगते.

किंमत सर्वांत जास्त कशाने पडते म्हणाल, तर हौसेने. एकेकाळी अमेरिकेत शिकारीसाठी पुढचे लाकूड सर्रास कापले गेले. आजही लोक दस्ता पॉलिश पेपरने घासतात, लोखंड चकाचक करतात, आणि त्या घासण्यात निरीक्षकांचे बारीक छाप कायमचे जातात. मळकट, ओरखडलेली, पण हात न लावलेली रायफल नेहमी वरचढ ठरते.

आपल्याकडे ही रायफल आता सेवेतून जात आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० मध्ये तिला निरोप दिला. पोलीस दलांतल्या अधिकाऱ्यांना आणि कोत म्हणजे शस्त्रागार सांभाळणाऱ्या आर्मररांना माझी मनापासून विनंती आहे : भट्टीत टाकण्यापूर्वी प्रत्येक रायफलीचे छाप, नंबर आणि साल वहीत उतरवून घ्या, त्यांची छायाचित्रे काढा, आणि प्रत्येक जिल्ह्यातली निदान एक रायफल, न घासता, न रंगवता, निकामी करून वस्तुसंग्रहालयाच्या हवाली करा.