स्नायूंची रचना आणि धर्म



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्या आपल्या व्यायामशिक्षकांच्या हाताखाली मी याच आवारात मल्लखांब शिकलो. बडोदे हे प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे गाव. येथे शाळेत मल्लखांब असणे नवलाचे नव्हते. भीतीने माझे हातपाय आखडले की गुरुजी खालून म्हणत, ‘अंग सैल सोड.’ त्या तीन शब्दांचा अर्थ मला पुढे वैद्यकशास्त्र शिकताना उमगला.

स्नायूचे मुख्य धर्म चार : चेतनेला प्रतिसाद देणे, आकुंचन पावणे, ताणले जाणे आणि ताण सुटताच पूर्ववत होणे. हाडांना जोडलेले स्नायू आपल्या इच्छेने चालतात. आतड्यांचे व हृदयाचे स्नायू इच्छेविना चालतात. चारही धर्म मात्र सर्वांत आहेत.

स्नायू ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून हाडांवर त्यांची योजना जोडीने असते. कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, तेव्हा मागच्याने सैल व्हावे लागते. दोन्ही एकदम आवळले तर हात ताठरतो. मल्लखांबावर माझे हेच होत असे.

अस्थिस्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या. प्रत्येक तंतूत सूक्ष्म तंतुके आणि त्यांत ॲक्टिनचे बारीक व मायोसिनचे जाड धागे रचलेले असतात. आकुंचनात हे धागे आखूड होत नाहीत, एकमेकांत सरकतात, असे १९५४ साली अँड्र्यू हक्सले व रॉल्फ नीडरगेर्के यांनी, तसेच स्वतंत्रपणे ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांनी दाखवले. मज्जातंतूचा संदेश येताच तंतूत कॅल्शियम मोकळे होते आणि मायोसिनची टोके ॲक्टिनला पकडून ओढतात. ही पकड सुटण्यासाठी एटीपी हे ऊर्जाद्रव्य लागते. मृत्यूनंतर ते संपते, पकड सुटत नाही आणि देह ताठरतो. सैल होणे हेही जिवंत स्नायूचेच काम आहे.

येथे साठी ओलांडलेले आपण पुष्कळ जण आहोत. ‘आता वय झाले’ म्हणून आपण व्यायाम सोडला. वापराविना स्नायुतंतू बारीक होतात. भार मिळाला की पुन्हा जाड होतात. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नव्वदीच्या दुर्बल वृद्धांकडून ८ आठवडे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करवून घेतला, तेव्हा त्यांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक झाली.

तेव्हा डॉक्टरांना विचारून, झेपेल तेवढ्यापासून, आपण पुन्हा आरंभ करावा. गुरुजींच्या प्रतिमेला आज हार घातला आहे. उद्या सकाळी चार नमस्कारही घालावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.