गृहोद्योगाचा पावसाळा

(गृहोद्योग चालविणाऱ्या भगिनी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



गृहोद्योगाविषयी बोलायचे म्हटले की भांडवल, वेष्टन, विक्री यांची चर्चा होते. ती आवश्यकच आहे आणि त्यातील जाणकार येथे उपस्थित आहेत. मी व्यवसायाने पत्रकार, शिक्षणाने कला शाखेचा पदवीधर. ताळेबंदातले मला फारसे कळत नाही. परंतु एक गृहोद्योग माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर सुरू झाला, थांबला आणि पुन्हा उभा राहिला. त्या अनुभवातून एकच गोष्ट मला आपल्यापुढे मांडायची आहे. घरातला उद्योग कुटुंबाच्या वयाबरोबर चालतो. मुले वाढतात, वडीलधारी थकतात, तसतसे त्याचे रूप पालटते. ते पालटू देणे, पण तुटू न देणे, ही साऱ्या कुटुंबाची जबाबदारी आहे.

खाट आणि स्टोव्ह

‘लिज्जत’चा इतिहास आपणास ठाऊक आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. आज त्या संस्थेत सुमारे 45 हजार भगिनी काम करतात आणि संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या कथेतील एक लहानसा तपशील आपल्या नजरेतून सुटतो. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. त्या भगिनींनी उद्योग गुंडाळला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसाळा टळला नाही, पण काम चालू राहिले.

बंधुभगिनींनो, कुटुंबातही असे पावसाळे येतात. प्रश्न इतकाच, की त्या वेळी खाट आणि स्टोव्ह कोण आणून देतो?

घराचे वय, उद्योगाचे वय

पहिला पावसाळा तान्ह्या मुलाचा. रांगते मूल घरात असताना तापल्या तेलाची कढई हे धाडसच होय. अशा वेळी चकली तळण्याऐवजी चकलीची भाजणी विकावी. मेतकूट, मसाले, भाजणी ही कामे मूल रडले तर मध्येच बाजूला ठेवता येतात. ‘लिज्जत’च्या पद्धतीचे मर्मही तेच आहे. मळलेले पीठ केंद्रावरून वजन करून घरी न्यायचे, लाटायचे आणि पापड परत आणून द्यायचे. जेवढे लाटले तेवढी मजुरी. ज्या दिवशी हात कमी चालला, त्या दिवशी मजुरी घटते, पण नाते तुटत नाही.

दुसरा टप्पा शाळकरी मुलांचा. सकाळचे चार तास हक्काने मोकळे मिळतात. परंतु फराळाच्या मागणीचा भर आणि मुलांची दिवाळीची सुटी नेमकी एकाच वेळी येते. साऱ्या गावाची दिवाळी गोड करणारी आई स्वतःच्या घरच्या अभ्यंगस्नानाच्या वेळी पेंगत असते. यावर उपाय एकच. त्या पंधरवड्यात घरातील इतर कामे इतरांनी करायची. पुरुषांनीही.

माझी चूक

तिसरा टप्पा वडीलधाऱ्यांच्या आजारपणाचा. येथे मला माझ्या चुकीविषयी बोलले पाहिजे.

2009 मध्ये माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. माझी पत्नी तेव्हा सुमारे चाळीस घरांना भाजणी आणि मेतकूट पुरवीत असे. मी तिला म्हणालो, “आता हे पुरे कर. आपल्याला पैशाची एवढी काय अडचण आहे?” मला वाटले, मी तिचा भार हलका करीत आहे. ती काही बोलली नाही आणि तिचे मौन मी होकार मानले. दोन वर्षे तिने आईची सेवा केली. आईच्या पश्चात तिने पुन्हा धान्य भाजायला घेतले, तेव्हा चाळीसांपैकी अकरा घरे उरली होती. बाकीच्यांना दुकानातल्या पाकिटांची सवय झाली होती.

एकदा मी सहज म्हणालो, “तेव्हा निदान तुला विश्रांती मिळाली.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “आईंचं सगळं मी केलंच असतं, अहो. पण भाजणीचे दोन तास तेवढे माझे होते. तेच तुम्ही बंद केलेत.”

मी लेख लिहितो, भाषणे देतो. त्या वाक्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही. आई आजारी असताना माझे लेखन एक दिवसही थांबले नव्हते, हे मला त्या क्षणी जाणवले. रोज दोन तास मी आईजवळ बसलो असतो, तर चाळीसांतली वीस घरे तरी टिकली असती. खाट आणि स्टोव्ह आणणे माझे काम होते. मी मात्र पावसाळ्याचे कारण सांगून गच्चीच बंद केली.

काय करता येईल?

या अनुभवातून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, हिशेब वेगळा ठेवावा. धान्य, गॅस, दळण यांबरोबर बाईच्या तासांचे मोलही त्यात मांडावे. बँकेचे खाते आणि खाद्यपदार्थांसाठी 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली लागणारी नोंदणी तिच्या नावाने असावी. जे वहीत दिसत नाही, ते घराला छंद वाटते, आणि छंद बंद करायला कोणीही सांगू शकतो.

दुसरी, अडचणीच्या काळात उद्योग लहान करावा, बंद करू नये. दहा पदार्थांचा एक करावा, चाळीस घरांची दहा करावीत; पण ग्राहकांना तसे आधी कळवावे.

तिसरी, प्रमाण आणि कृती लिहून ठेवावी आणि घरातील आणखी एकाने ती शिकून घ्यावी. कारण चौथा टप्पाही येतोच. मुले परगावी जातात, वेळ मिळतो. पण गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा ‘सून करील’ असे गृहीत धरू नये. तिचेही स्वतःचे काम असते. तिला विचारावे, मुलालाही विचारावे.

आमच्या घरी आज छत्तीस घरांची भाजणी होते. धान्य निवडणे आणि गिरणीत नेणे ही कामे माझ्याकडे आहेत. भाजण्याची परवानगी अजून मिळालेली नाही. माझ्या हातून उडदाची डाळ करपते.

येथे आलेल्या बंधूंना एवढीच विनंती की, आज घरी गेल्यावर गृहिणीला विचारा, “तुझे दोन तास कोणते?” आणि ते तिला मिळतील अशी व्यवस्था करा.